कांडं

टाकीच्या तिसऱ्या पायरीवर रेंज येते.
दुसरीवर नाही, चौथीवरही नाही.
म्हणून रात्री भांडी पालथी घातली की
शाल घेऊन तिथं जाऊन बसते मी,
गगनबावड्याच्या अंगाला अकरा पटाच्या शाळेची बाई,
आणि जिल्ह्यातले दोनशे छप्पन्न मास्तर
माझ्या ओंजळीत एकदम जागे होतात.

आधी फुलांची सुप्रभातं, रात्री साडेनऊला.
मग माहिती. तातडीची. आजच्या आज, विहित नमुन्यात.
मग कुणाच्या मेव्हण्याचा प्लॉट, उचगावात, रस्त्याला लागून.
हत्तरगी बाई गडहिंग्लजहून लिहितात, हे इथं नको.
चंदगडचे गावस गुरुजी
सगळं वाचतात, लिहीत काही नाहीत.
त्यांची हजेरी म्हणजे दोन निळ्या खुणा.

एकदा मी विचारलं.
चारदा खोडून मग विचारलं,
कारण सतरा वर्षं नोकरी झालेल्या बाईनं
असलं काही विचारावं का, असं आपलं वाटतंच :
चौथीतला बिरू म्हणतो, आठ मोठे की चार?
आठ. मग एक अष्टमांश मोठा. विषय संपला.
काय करू?

बराच वेळ कुणी बोललं नाही.
टाकीत पाणी पडत होतं तेवढंच.
मग मुल्लाणी सर, हुपरीचे :
"माझ्या वर्गात पण हेच. अकरा वर्षं.
मी सरळ पुढचा धडा घेतो."
त्यांना कधी पाहिलेलं नाही मी,
पण त्या रात्री वाटलं, चला,
शेजारच्या वर्गात कुणीतरी आहे.

मग भाकरी आली, कागदाच्या घड्या आल्या,
कुणी म्हणालं, मोसंबी आणा (पगार झाल्यावर).
मी ऊस नेला.
पेरापेराशी तोडून आठ कांडी केली,
एकेक हातात दिली, म्हटलं, हा अष्टमांश. खा.
चोथ्यासकट फोटो टाकला.
बावन्न अंगठे.

दोन वर्षांनी कोल्हापुरात, प्रशिक्षणाला,
गरगर आवाज करणाऱ्या पंख्याखाली
शिरोळकडची एक पोरगेली मगदूम बाई उठली,
पिशवीतून ऊस काढला.
"ही पद्धत कुठूनतरी फिरत आली, कुणाची माहीत नाही."
मी पदर सारखा केला.
सांगावं का, माझी म्हणून?
तोवर तिनं सुतळी काढली.

"पेरावर तोडू नका. सुतळीनं मापून खुणा करा.
हे मला सोजरनं सांगितलं.
टोळीबरोबर आलेली, बीडकडची, तिसरीतली.
म्हणाली, बाई, कांड्या सारख्या नसतेत.
बुडख्याची आखूड, वरची लांब.
मोळी बांधणाऱ्याला इचारा."

सभागृह हसलं. चांगलं हसलं.
मला मात्र बिरू दिसला,
हातातलं कांडं शेजारच्याला लावून बघणारा,
"बाई, माझं बारकं हाय की."
आणि मी, फोटोच्या घाईत :
"गप. समान आहेत सगळी."

माझी युक्ती हुपरीहून, गडहिंग्लजहून,
कुठल्या कुठल्या हातांतून गेली असेल.
नाव गळालं वाटेत, बरंच झालं.
चूक मात्र तशीच शाबूत जात राहिली
शिरोळच्या एका फडापर्यंत,
जिथं कोयता ओळखणारी एक पोर
चार महिन्यांपुरती बाकावर बसली होती.
चैत्रात टोळी गेली.
सोजर आता कुठल्या शाळेत, आहे की नाही,
मगदूम बाईंना ठाऊक नाही.

आज तिसऱ्या पायरीवर बसून लिहिलं :
दोन वर्षांपूर्वीचा माझा ऊस चुकीचा होता.
सोजर म्हणते, सुतळी घ्या.
बिरू आधीच म्हणाला होता.

अंगठे आले, थोडे.
मुल्लाणी सरांनी लिहिलं, उद्या घेतो.
आणि मग वर, हिरव्या बारीक अक्षरांत,
गावस गुरुजी टाइप करत आहेत.
थांबले.
पुन्हा टाइप करत आहेत.

बॅटरी नऊ टक्के.
मी शाल घट्ट ओढून घेतली.